58 सीसीचा ‘प्रोफेशनल’ कटर

दापोली तालुक्यात, समुद्राला लागून आमचं गाव. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात आगरातल्या नारळी-पोफळी आडव्या झाल्या, तेव्हापासून मी कटर, म्हणजे पेट्रोलवर चालणारी लाकूड कापायची चेनसॉ, चालवतोय. आधी दुसऱ्याचा, भाड्यानं. पडलेली झाडं संपली तशी जुन्या हापूस कलमांच्या छाटणीची कामं मिळू लागली. मी आणि एक गडी. मग वाटलं, भाडं किती दिवस भरायचं? आपलाच एक घेऊ.

नावाजलेल्या कंपनीच्या, रोज चालवायच्या कटरचा भाव ऐकला तो 50 हजारांच्या पुढे. तेवढे नव्हते. हायवेवरच्या एका मोठ्या गावात हार्डवेअरचं दुकान आहे, बाहेर फलक होता: ‘58 सीसी, 22 इंच, प्रोफेशनल, 1 वर्ष वॉरंटी’. किंमत साडेनऊ हजार.

मी दुकानदाराला स्पष्ट विचारलं, “रोज पाच-पाच तास चालवायचाय. धंद्याला चालेल ना?”

“दादा, इंजिन तेच असतं हो. ते लोक नावाचे पैसे घेतात. पक्कं बिल नको असेल तर नऊ हजार द्या.”

मी नऊ हजार दिले. पाचशे रुपये वाचवायला पक्कं बिल सोडलं, ती चूक माझी. नशिबानं पैसे फोनवरून पाठवले होते, वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का मारून घेतला होता, आणि गड्यानं हौसेनं त्या फलकासमोर कटर हातात धरून फोटो काढला होता.

पहिले आठ-दहा दिवस कटर छान चालला, खोटं कशाला बोलू. मग बारला, म्हणजे चेन ज्यावरून फिरते त्या लांब पट्टीला, तेल येईना. संध्याकाळी टाकी उघडावी तर सकाळी भरलेलं तेल जवळपास तेवढंच, आणि बार मात्र असा तापलेला की हातमोज्यातून चटका. उघडून पाहिलं तर तेलाचा पंप फिरवणारं गियर प्लॅस्टिकचं, दाते झिजून गुळगुळीत. ते बदललं. पुढच्या आठवड्यात स्टार्टरची दोरी हातात आली. तीही बदलली. एका कलमावर तर जाड फांदी निम्मी कापल्यावर इंजिन बसलं. परत चालू करेपर्यंत फांदी आपल्याच वजनानं फाटली आणि साल पार बुंध्यापर्यंत सोलत गेली. असल्या जखमेत खोडकिडा शिरतो, वर बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप) फासली तरी मालकाचा जीव थाऱ्यावर राहत नाही. त्यांनी मजुरीतून दीड हजार कापले. मी काय बोलणार?

खरा घाम फुटला तो ब्रेकमुळे. बारचं टोक मागच्या फांदीला लागलं आणि कटर उसळून तोंडाकडे आला. अशा वेळी डाव्या हाताच्या मनगटाचा धक्का पुढच्या दांड्याला बसतो आणि चेन जागच्या जागी थांबते, दांडा त्याचसाठी असतो. दांडा पुढे गेला, चेन फिरतच राहिली. मान बाजूला झाली म्हणून वाचलो. सदऱ्याची कॉलर मात्र गेली.

त्यानंतर कटर मेस्त्रीकडे टाकला. ब्रेकची पट्टी इतकी सैल होती की तिला क्लचच्या डबीवर पकडच नव्हती. पिस्टनवर उभे ओरखडे. मेस्त्रीनं सहज मापायचा व्हर्निअर लावला: सिलिंडरचा व्यास 45 मिलिमीटर, स्ट्रोक म्हणजे पिस्टनची चाल 34. फोनवर हिशेब केला तर 54 सीसी. चार सीसीनं लाकूड कापायचं थांबत नाही, पण स्टिकरवरचा मोठ्यात मोठा आकडाच खोटा निघाला.

वॉरंटीसाठी गेलो तर दुकानदार म्हणाला, “तुम्ही पेट्रोलमध्ये ऑइल कमी घातलं असणार.” मी लिटरला 40 मिली मोजून घालतो, त्याच्याच बाटलीनं. मग त्यानं कार्ड उलटं केलं आणि इंग्रजीतल्या मुंगीएवढ्या अक्षरांवर बोट ठेवलं. घरी येऊन मुलीकडून वाचून घेतलं: वॉरंटी फक्त घरगुती वापरासाठी, धंद्यासाठी किंवा भाड्यानं वापरल्यास लागू नाही. बाहेर फलकावर ‘प्रोफेशनल’, आत कार्डावर घरगुती!

शेजारच्या काकांकडे असाच कटर आहे. वर्षातून दोन-तीनदा चुलीपुरती लाकडं करतात, तीन वर्षं झाली, तक्रार नाही. त्यांच्या कामाला तो पुरतो. माझ्या चेनखाली रोज आंब्याचं नाहीतर ऐनाचं लाकूड, सालीत तांबडी माती भरलेली. पेट्रोलच्या दर टाकीला चेनवर कानस मारावी लागते आणि इंजिनला उसंत नाही. तेव्हा रोजंदारीसाठी घेणार असाल तर आधी वॉरंटी कार्डाची मागची बाजू वाचा, दुकानातच चालू करून चेन फिरताना ब्रेक मारून बघा, तेलपंपाचं गियर, पिस्टन, क्लच हे सुटे भाग त्याच दुकानात आत्ता आहेत का ते विचारा. आणि पक्कं बिल घ्या, मॉडेल आणि नंबर लिहिलेलं.

मला सगळे म्हणाले, धंद्यासाठी घेतलंस, ग्राहक आयोगात तुझं कोण ऐकणार? पण 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात लिहिलंय की स्वतः राबून पोट भरण्यापुरती घेतलेली वस्तू ‘व्यापारी हेतू’त धरत नाहीत. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी नाही, आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. आधी 1915 ला, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन लावला, मग रत्नागिरीला जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज दिला. सोबत कार्ड, पैसे पाठवल्याची नोंद आणि गड्याचा तो फोटो. निकाल अजून नाही. सध्या परत भाड्याचाच कटर.

मागच्या आठवड्यात त्या दुकानावरून गेलो. फलक तोच आहे, फक्त 58 खोडून 62 केलंय.