शंभर रुपयांचा दंड, पंच्याऐंशी हजारांचा दाखला

नाव लिहीत नाही, माझंही आणि दाखला काढून देतो म्हणून मला फसवणाऱ्या त्या एजंटाचंही. माझं का नाही, तर अजून लाज वाटते. त्याचं का नाही, तर तक्रार चालू आहे आणि वकील मॅडमनी तोंड आवरायला सांगितलंय. पण सोलापुरात नर्सिंग केलेल्या आणि मागं एखादी जुनी, बारीकशी केस असलेल्या पोरापोरींनी हे वाचावं. तो माणूस नेमका आपल्यासारख्यांनाच हुडकत असतो.

माझी केस पाण्याची. मे २०१८. हैदराबाद रोडकडं आमची वस्ती, आई विड्या वळते. पाणी चार दिवसाआड, ते पण रात्री-अपरात्री. त्या रात्री दोनला नळ आला. नंबराला लावलेली आमची घागर शेजारणीनं मागं सरकवली, आईनं परत पुढं आणली. त्यापुढं घागर कुणी कुणाच्या डोक्यात घातली, हे दोन्ही घरांत आजही वेगवेगळं सांगितलं जातं. मी एकोणीस वर्षांची, जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंग डिप्लोमाच्या, दुसऱ्या वर्षाला. आईला सोडवायला गेले आणि दोन तडाखे मीही दिले, खोटं कशाला बोलू. पोलिसांनी दोन्हीकडच्या बायकांवर तेव्हाच्या भारतीय दंड संहितेचं कलम १६० लावलं. सार्वजनिक जागी मारामारी करून शांतता मोडणे. जास्तीत जास्त शिक्षा एक महिना कैद, किंवा शंभर रुपये दंड, किंवा दोन्ही.

पुढल्या वर्षी कोर्टात तारीख होती. एका हवालदारकाकांनी, अगदी मायेनं, सांगितलं, "कबूल म्हणा, शंभर भरा आणि मोकळ्या व्हा. कशाला तारखा करत बसता." आईनं पदराच्या गाठीतून शंभराची नोट काढली. पावती घेऊन बाहेर आलो, रसवंतीत रस प्यायलो. केस मिटली, असं आम्ही दोघीही समजून चाललो. गुन्हा कबूल करून दंड भरला म्हणजे केस मिटत नाही. दोषी ठरून शिक्षा झाली, असा त्याचा अर्थ होतो. हे मला कळायला सहा वर्षं लागली.

मधल्या वर्षांत एका छोट्या नर्सिंग होममध्ये नाइट ड्युट्या केल्या. अकरा हजार पगार, तिथं कुणी काही विचारलं नाही. २०२४ च्या दिवाळीनंतर पुण्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात स्टाफ नर्सच्या जागा निघाल्या, पगार सव्वीस हजार. फॉर्म भरत भरत चौथ्या पानावर आले. तिथं विचारलं होतं: 'आपल्यावर कधी गुन्हा दाखल झाला आहे काय? शिक्षा वा दंड झाला आहे काय?' खाली पोलिसांचा चारित्र्य पडताळणी दाखला जोडायला सांगितलेलं. पेन तिथंच थांबलं. आठ दिवस फॉर्म गादीखाली ठेवला.

मग बरोबरच्या एका सिस्टरनं नंबर दिला. "ते सगळं करून देतात गं, माझ्या मावसबहिणीचं केलं."

सात रस्त्याच्या बाजूला पहिल्या मजल्यावर ऑफिस. भिंतीवर पांढऱ्या ड्रेसमधल्या मुलींचे फोटो, टेबलाच्या काचेखाली डॉक्टरांची व्हिजिटिंग कार्डं. त्यानं चहा सांगितला, दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणून पहिला प्रश्न विचारला, "ताई, ही केस अजून कुणाकुणाला माहिती आहे?"

मी म्हणाले, कुणालाच नाही.

त्याला माझ्याकडून हवं होतं ते एवढंच, हे आता कळतं. जी बाई केसबद्दल कुणापुढं बोलली नाही, ती फसल्यावरही कुणापुढं बोलणार नाही. आधी त्यानं घाबरवलं. म्हणे, केसवाल्या नर्सला कुठलंच हॉस्पिटल दारात उभं करत नाही, वर नर्सिंग कौन्सिलला कळलं तर रजिस्ट्रेशनच जातं. मग धीर दिला, "टेन्शन घेऊ नका ओ. सीसीटीएनएसमधून एन्ट्री काढून टाकू. आपला माणूस आहे आत." सीसीटीएनएस म्हणजे पोलीस ठाण्यांचं देशभर जोडलेलं कॉम्प्युटरचं जाळं. हा शब्द त्यानं इतक्या सफाईनं टाकला की माझा निम्मा विश्वास त्या शब्दावरच बसला.

पहिले पंधरा हजार गड्डा यात्रेच्या आठवड्यात, फोनवरून. सगळं गाव सिद्धेश्वराच्या यात्रेत आणि मी होम मैदानाच्या कडेला उभी राहून पैसे पाठवतेय. दुसरे चाळीस हजार रोख, त्यासाठी आईची बोरमाळ गहाण पडली. आईला सांगितलं, पुण्याला हॉस्टेलचं डिपॉझिट भरायचंय. तिसऱ्या खेपेला 'आतल्या साहेबांना' म्हणून तीस हजार, परत फोनवरून, आणि खातं कुठल्या तरी तिसऱ्याच नावाचं. पावती मागितली तर हसला. "असल्या कामाची पावती असती का ताई?"

फेब्रुवारीत एका रात्री अकरा वाजता व्हॉट्सअपवर दाखला आला. माझं नाव, पत्ता, फोटो, गोल शिक्का, आणि खाली 'कोणताही गुन्हा नोंद नाही'. मी मला कितीही बिचारी म्हणवून घेतलं तरी एक गोष्ट कबूल करते. तो कागद बघताना पोटात कालवलं होतं. मी अर्ज केला नव्हता, पोलीस ठाण्यात गेले नव्हते, मग दाखला आला कुठून? हा प्रश्न मला पडला आणि मी तो बाजूला सारला. फॉर्मच्या चौथ्या पानावर 'नाही' लिहिलं.

पुण्यात दहा दिवस ड्युटी केली. अकराव्या दिवशी राउंड चालू असताना एचआरमधून बोलावणं आलं. तिथल्या मॅडमनी दाखल्याचा प्रिंट माझ्यापुढं सरकवला आणि सहीच्या खालच्या ओळीवर नखानं रेघ ओढली. 'पोलीस आयुक्त, सोलापूर ग्रामीण.'

सोलापूरच्या माणसाला यात काय चुकलंय ते सांगायला नको. आयुक्त शहराला. ग्रामीणला पोलीस अधीक्षक. मी जन्मापासून या गावात राहिलेली, आणि ती ओळ पुण्याच्या बाईनं मला दाखवली. अर्ज क्रमांकही पडताळणीत जुळला नव्हता. मॅडम चिडल्या नाहीत, त्याचंच जास्त लागलं. म्हणाल्या, "नळावरच्या भांडणाचं आधी लिहिलं असतंत तर कागद वर पाठवला असता, कदाचित घेतलंही असतं. आता या कागदाचं मी काय करू?" राजीनामा लिहून घेतला. पोलिसांत दिलं नाही, हे त्यांचे उपकार.

सोलापूरला परतले तर त्याचा फोन बंद. पहिल्या मजल्यावर मोबाइल कव्हरचं दुकान लागलेलं. दुकानदार म्हणाला, "तुम्ही चौथ्या."

तीन आठवडे मी घरातच बसून घालवले. ही माझी दुसरी चूक, आणि पैशाच्या हिशेबात हीच मोठी. ऑनलाइन गेलेल्या पैशांसाठी १९३० हा नंबर आहे. लगेच फोन केला तर पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवता येण्याची शक्यता असते. मी केला तेव्हा ते खातं कधीच रिकामं झालं होतं. रोख चाळीस हजारांना तर काहीच पुरावा नाही.

शेवटी जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात गेले. बाईमाणसाला तिथं फुकट वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. १९८७ च्या कायद्यातच तसं आहे. मला वाटलं, वकील मॅडम झापतील. त्यांनी आधी जुन्या निकालाची नक्कल काढायला लावली आणि ती वाचून एकच वाक्य बोलल्या, "शंभर रुपयांचा गुन्हा झाकायला तुम्ही सात वर्षांच्या गुन्ह्यात पाय टाकलात." बनावट कागद खरा म्हणून वापरला तर वापरणाऱ्यालाही बनवणाऱ्याइतकीच शिक्षा, आणि फसवणुकीसाठी केलेल्या बनावटीला आताच्या भारतीय न्याय संहितेत सात वर्षांपर्यंत कैद. ऑफिसातल्या पंख्याखाली बसून मला घाम फुटला.

पुढं त्या जे बोलल्या, ते मला २०१९ साली कुणीतरी सांगायला हवं होतं. पहिलाच आणि किरकोळ गुन्हा असेल तर १९५८ च्या परिवीक्षा (प्रोबेशन) कायद्याखाली कोर्ट नुसती समज देऊन सोडू शकतं, आणि तसं सोडलं तर त्याच कायद्याचं कलम १२ म्हणतं की दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता त्या माणसाला लागत नाही. पण ते मागावं लागतं. आम्ही काय मागितलं, तर पावती. त्या रात्री माझा सोळा वर्षांचा भाऊही भांडणात होता. त्याला २०१५ च्या बाल न्याय कायद्यानं मुळातच संरक्षण आहे, त्याच्या नोकरीला ही गोष्ट आड येत नाही. मोठ्या माणसाची नोंद मात्र पैसे घेऊन पुसून देणारा कायदाच आपल्याकडं नाही. हायकोर्ट आहे, पण ती वाट कोर्टातून जाते, कुणाच्या लॅपटॉपमधून नाही.

रजिस्ट्रेशन जाईल ही धमकी ऐकून मॅडम हसल्याच. नैतिक अधःपतनाचे गुन्हे वेगळे, घागरीची भांडणं वेगळी, म्हणाल्या. शिवाय जुलै २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या तीन न्यायाधीशांनी अवतार सिंग प्रकरणात सरकारी नोकरीबाबत सांगून ठेवलंय की माहिती खरी द्या. गुन्हा अगदी किरकोळ असेल तर लपवल्याकडंही नोकरी देणारा डोळेझाक करू शकतो. खरं सांगितलं तरी नोकरी मिळेलच असं नाही, उमेदवाराची पार्श्वभूमी बघायचा अधिकार त्यांना राहतोच. मॅडमनी हेही लपवलं नाही.

तक्रार दिली. स्वतःनं कागद वापरला तेही त्यात लिहिलं, कारण ते गाळलं असतं तर तक्रारीत जीवच राहिला नसता. त्या दुकानदारानं सांगितलेल्या बाकीच्या तिघींपैकी एकीला मी शोधून काढलं. ती म्हणाली, "नवऱ्याला केस माहिती नाही, मला यात ओढू नको." मी काय बोलणार?

मग पोलिसांच्या पोर्टलवर चारित्र्य दाखल्यासाठी स्वतः अर्ज केला. मोबाइलवरूनच झाला, शुल्कही तिथंच भरलं. खऱ्या दाखल्यावर एक ओळ जास्त आली, कलम १६०, दंड शंभर रुपये. त्याला निकालाची नक्कल जोडली, अर्ध्या पानावर काय घडलं ते लिहिलं आणि अर्ज करत सुटले. दोन ठिकाणांहून फोनच आला नाही.

तिसरं इथलंच, सोलापुरातलं. मेट्रन, म्हणजे नर्सेसच्या प्रमुख, पन्नाशीच्या बाई, चष्मा नाकावर ओढून त्यांनी माझं अर्धं पान वाचलं. मग वर बघून विचारलं, "नळावर? तुमच्याकडं किती दिवसाआड येतं पाणी?"

"चार," मी म्हणाले.

"आमच्याकडं पण," म्हणाल्या, आणि पान उलटून कौन्सिलचं रजिस्ट्रेशन मागितलं.

पगार सतरा हजार. बोरमाळ अजून सराफाकडंच आहे.