रांजणवाडी, की डोळे आलेत?

पावसाळ्यात 8.28च्या लोकलमध्ये काळा गॉगल लावलेला माणूस चढला, की आजूबाजूचे अंग चोरतात. गॉगलमागे कधीकधी नुसती रांजणवाडी असते, आणि तिची साथ येत नाही.

तुमचं काय आहे, ते आरशासमोर ठरवा. नेमकं कुठे दुखतंय, ते बोटाने दाखवता येतंय का? पापणीच्या काठाला, केसाच्या मुळाशी लाल फोड आणि हात लावला की ठणका, तर रांजणवाडी. आमची आई तळहातावर बोट घासून शेक द्यायची. कल्पना बरोबर, पण ती ऊब दोन सेकंदांची आणि बोट कुठे कुठे लागलेलं. त्यापेक्षा कोमट पाण्यात पिळलेला स्वच्छ रुमाल 10 मिनिटं ठेवा, दिवसातून तीन-चारदा. आठवडाभरात बहुतेक बसते. फोडायची मात्र नाही. पापणीत मटारच्या दाण्यासारखी गाठ लागते पण दुखत नाही, तेव्हा तिथली तेलाची ग्रंथी तुंबलेली असते. शेक तोच, धीर जास्त.

डोळे आले असले तर एका जागी बोट ठेवताच येत नाही. सगळा पांढरा भाग लालभडक, आत वाळू गेल्यासारखं खुपतं. 2023च्या पावसाळ्यात राज्यभर हेच चाललं होतं. पाणी गळत असेल आणि एक-दोन दिवसांत दुसराही डोळा धरला, तर बहुधा विषाणू. त्यावर अँटिबायोटिक चालत नाही. पिवळं घट्ट चिपड येऊन पापण्या चिकटत असतील, तर जिवाणूंचा संशय. दोन्ही डोळ्यांना सारखी खाज आणि सोबत शिंका, तर अ‍ॅलर्जी. नजरेला नजर भिडून काही लागत नाही. लागतं ते हातातून, टॉवेलमधून, उशीच्या अभ्र्यातून.

केमिस्टने दिलेला ड्रॉप एकदा मी दोन दिवस घातला, मग लेबल वाचलं: स्टेरॉइड. बुबुळावर जखम किंवा जंतुसंसर्ग असता तर तो चिघळला असता.

बुबुळाचं दुखणं घरी सांभाळायचं नाही. उजेड सोसवत नाही, धुरकट दिसतं, काळ्या भागावर पांढरा ठिपका आहे, तर त्याच दिवशी डोळ्यांचा डॉक्टर गाठा. कॉन्टॅक्ट लेन्स लावत असाल तर ती आधी काढा आणि डबीसकट सोबत न्या. केईएम, जे.जे., सायन, तिन्हीकडे नेत्रविभाग आहे. पापणी सुजून ताप आला आणि डोळा फिरवताना कळ येत असेल, तर ओपीडीची वाट न बघता थेट कॅज्युअल्टीत जा, रात्र असली तरी.