तलंगीची तुंबलेली अन्नपिशवी आणि साताऱ्यातील एका दवाखान्यातील उपचार

गाय किंवा म्हैस आजारी पडली तर घरातले सगळे धावपळ करतात. परसातली कोंबडी झुरू लागली तर मात्र ती मरण्याआधी कापून टाकावी, एवढाच सल्ला बहुतेक ठिकाणी मिळतो. सातारा शहरातील पाळीव प्राण्यांच्या एका खासगी दवाखान्यात पक्ष्यांवरही उपचार होतात आणि तेथे आमच्या जेमतेम साडेतीन महिन्यांच्या गावठी तलंगीवर, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबडीवर, जे उपचार झाले, ते इतके विचारपूर्वक होते की त्यांविषयी सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते. दवाखान्याचे नाव मी येथे देत नाही. कोंबडीच्या अन्नपिशवीचा विकार घेऊन आपण कोणत्याही डॉक्टरांकडे गेलो तर तपासणी कशी व्हायला हवी, याचा अंदाज वाचणाऱ्याला यावा, हा या परीक्षणाचा हेतू आहे.

कोंबडीने टिपलेला दाणा थेट पोटात जात नाही. मानेच्या तळाशी, छातीच्या वरच्या बाजूला, किंचित उजवीकडे अन्ननलिकेचाच एक भाग फुगून पिशवी झालेली असते. दाणा तेथे साठतो, भिजतो आणि थोडा थोडा पुढे पाचक रसांच्या जठरात व तेथून दळणाऱ्या स्नायूमय पोटात सरकतो. संध्याकाळी खुराड्यात जाताना ही पिशवी भरलेली असणे स्वाभाविक आहे, पण रात्रभरात ती रिकामी व्हायलाच हवी. म्हणून पहाटे, दाणा टाकण्यापूर्वी, बोटांनी चाचपून पाहणे ही सर्वांत खात्रीची परीक्षा ठरते. आमच्या तलंगीची पिशवी सकाळीही लिंबाएवढी टणक लागत होती, ती दाण्याकडे धावत येऊन दोन-चार कण टिपून बाजूला उभी राहत होती आणि तिची शीट कमी व हिरवट होत चालली होती.

दवाखान्यात मला सर्वाधिक भावली ती डॉक्टरांची घाई न करण्याची वृत्ती. त्यांनी आधी तलंगीचे वजन केले, छातीचे हाड बोटाने चाचपून ती किती रोडावली आहे ते पाहिले, चोच उघडून तोंडात पांढरे चट्टे आहेत का हे बॅटरीच्या उजेडात तपासले आणि तोंडाचा वास घेतला. त्यानंतरच त्यांनी अन्नपिशवीला हात लावला. अन्नपिशवीचे तीन विकार लोक एकाच नावाने ओळखतात आणि तिन्हींवर एकच उपाय करतात, याबद्दल त्यांना मनापासून वाईट वाटत असल्याचे त्यांच्या बोलण्यातून जाणवले. पिशवी तुंबली असेल तर ती घट्ट मळलेल्या कणकेसारखी लागते आणि आत गवताचा किंवा पेंढ्याचा गोळा असतो. पिशवी आंबली असेल तर ती थुलथुलीत, द्रवाने भरलेली लागते, तोंडाला आंबूस कुबट वास येतो आणि कँडिडा नावाच्या यीस्टची (एका एकपेशीय बुरशीची) आत बेसुमार वाढ झालेली असते. तिसऱ्या प्रकारात पिशवीचे स्नायूच सैल पडून ती कायमची लोंबू लागते. तो प्रकार पूर्णपणे बरा होणे अवघड असते, अशा पक्ष्याला आयुष्यभर थोडे थोडे आणि मऊ खाणे देऊन सांभाळावे लागते.

आमच्या तलंगीत पहिले दोन्ही प्रकार एकत्र होते. आत गोळा अडकला, त्यामुळे अन्न पुढे सरकेना, थांबलेले अन्न आंबले आणि त्या आंबलेल्या अन्नावर यीस्ट वाढले. हे डॉक्टरांनी केवळ अंदाजाने सांगितले नाही. मऊ नळीने पिशवीतील थोडा द्रव काढून त्यांनी तो काचपट्टीवर रंगवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. निरोगी पिशवीतही यीस्टच्या काही पेशी असतात, पण येथे त्यांची गर्दी होती आणि त्यांपैकी अनेकींना अंकुर फुटलेले दिसत होते. तो नमुना त्यांनी मलाही पाहू दिला. रोगाचे निदान डोळ्यांनी पाहता येणे ही मालकाच्या दृष्टीने मोठी गोष्ट असते, कारण त्यामुळे पुढचे उपचार चिकाटीने करण्याचे बळ मिळते.

याच्या अगदी उलट वागणूक गावाजवळच्या एका कृषी-औषधांच्या दुकानात मिळाली होती. पक्षी न पाहता, त्याचे वय न विचारता, ‘गळा फुगलाय’ एवढे ऐकताच तेथील माणसाने पाण्यात मिसळायची प्रतिजैविकाची पूड आणि यकृताच्या टॉनिकची बाटली पुढे केली. प्रतिजैविक जिवाणूंना मारते, यीस्टला नाही. उलट, यीस्टला आवर घालणारे उपयुक्त जिवाणू मेल्यामुळे ते अधिकच फोफावते, आणि प्रतिजैविके दीर्घकाळ देणे हे पिशवी आंबण्याच्या ज्ञात कारणांपैकी एक आहे. ती पूड आम्ही फोडलीच नाही. आपल्याकडे अशा दुकानांवर विसंबणाऱ्या परसातील कोंबडीपालकांची संख्या मोठी आहे, म्हणून दुकानदारांनी निदान एवढे तरी सांगावे की हे औषध डॉक्टरांना विचारूनच द्या.

मोरचुदाच्या (कॉपर सल्फेटच्या) पाण्याविषयीही मी डॉक्टरांना विचारले, कारण अनेक जुने कोंबडीपालक ते सुचवतात. हा उपाय निराधार नाही, यीस्टवर तो पूर्वीपासून वापरला जातो, असे त्यांनी प्रामाणिकपणे मान्य केले. परंतु मात्रा थोडी चुकली तरी तांब्याची विषबाधा होते, पाण्याची चव बिघडल्याने पक्षी पाणीच पिईनासा होतो आणि जस्ताचा मुलामा दिलेल्या बादलीत हे द्रावण ठेवता येत नाही, हेही त्यांनी समजावले. कोंबडीला पायांना धरून उलटे करून पिशवीतील पाणी ओतून काढण्याच्या प्रकाराला मात्र त्यांनी स्पष्ट शब्दांत मनाई केली. पक्ष्याच्या श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मुळाशीच असते, त्यामुळे वर आलेला द्रव फुप्फुसांत शिरतो आणि पक्षी हातातच गुदमरू शकतो. तोंडात तेल ओतण्याबाबतही हाच धोका आहे.

पहिल्या दिवशी शस्त्रक्रिया झाली नाही. घन अन्न बंद ठेवून, नळीने कोमट सलाईन थोडे थोडे सोडून, पिशवीला खालून वर न दाबता गोलाकार हलक्या हाताने चोळून आतला गोळा फुटतो का, हे पाहायचे ठरले. लहान वयाच्या पक्ष्याला फार काळ उपाशी ठेवता येत नाही, म्हणून पाण्यातून ग्लुकोज आणि क्षार देण्यास सांगितले. आतड्यांची हालचाल वाढवणारे औषध देता येईल का, या माझ्या प्रश्नावर त्यांनी दिलेले उत्तर मला महत्त्वाचे वाटते. वाट अडलेली असताना मागून जोर लावल्यास पिशवीला इजा होते, त्यामुळे अडथळा दूर होईपर्यंत असे औषध द्यायचे नसते.

दुसऱ्या दिवशी द्रव कमी झाला होता, पण गोळा जसाच्या तसा होता आणि तलंगीचे वजन आणखी घटले होते. तेव्हा शस्त्रक्रियेचा निर्णय झाला. पिशवीवरची थोडी पिसे काढून, जागा बधिर करून, आधी कातडीला आणि मग पिशवीला लहानसा छेद दिला गेला. पिशवीच्या अगदी तळाशी कापू नये, कारण पुढे अन्नाचा सगळा भार टाक्यांवर येतो, ही बारीकशी गोष्ट मला तेथेच कळली. पक्ष्यांना बधिर करण्याच्या औषधाची मात्रा वजनानुसार अतिशय काटेकोर ठेवावी लागते, कारण ती वाढल्यास झटके येतात. म्हणून सुरुवातीला केलेले वजन किती उपयोगाचे होते, हे तेव्हा लक्षात आले. आतून भाताचा पेंढा, लांब वाळलेले गवत आणि खाद्याच्या पोत्याच्या सुतळीचे धागे यांचा एकमेकांत गुंतलेला पुंजका निघाला. पिशवी सलाईनने धुऊन, पुढची वाट मोकळी असल्याची खात्री करून, पिशवी आणि कातडी यांना स्वतंत्र टाके घातले गेले. हे दोन थर एकत्र शिवले तर पिशवी नीट हलत नाही आणि टाक्यांतून गळतीचा धोका राहतो.

वेदनाशामक म्हणून मेलॉक्सिकॅम देण्यात आले. आपल्या देशात गिधाडांच्या मृत्यूंमुळे २००६ मध्ये जनावरांसाठी डायक्लोफेनॅक या वेदनाशामकावर बंदी आली आणि त्याला सुरक्षित पर्याय म्हणून जे औषध पुढे आले, तेच हे मेलॉक्सिकॅम. घरात पडून असलेल्या माणसांच्या वेदनाशामक गोळ्या कोंबडीला देण्याचा मोह कोणालाही झाल्यास त्याने ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

त्यानंतरचे मुख्य औषध म्हणजे निस्टॅटिनचे द्रावण. ते आतड्यांतून रक्तात जवळजवळ शोषले जात नाही, ज्या पृष्ठभागाला स्पर्श करते तेथील यीस्टच मारते. म्हणून ते भरलेल्या पिशवीत, खाण्यात मिसळून देण्यात फारसा अर्थ नसतो. पिशवी रिकामी असताना चोचीच्या कडेने थेंब थेंब द्यायचे आणि लगेच खाणे द्यायचे नाही, अशी सूचना होती. कोंबडी बरी दिसू लागली तरी लिहून दिलेला काळ पूर्ण करायचा, हेही ठामपणे सांगितले गेले. खाण्याबाबत शिजवलेला मऊ भात, भिजवून मऊ केलेले वाढीच्या वयाचे खाद्य आणि उकडलेल्या अंड्याचा थोडा बलक, तेही दिवसातून अनेक वेळा थोडे थोडे, असा क्रम होता. दही भरपूर घालावे असा सल्ला मला बाहेरून अनेकांनी दिला होता. पक्ष्यांना दुधातील साखर पचत नाही, त्यामुळे डॉक्टरांनी दह्यावर भर दिला नाही.

या दवाखान्याला मी सर्वाधिक गुण देईन ते कारणाचा शोध घेतल्याबद्दल. पिशवी थांबली यामागे दुसराच रोग असू शकतो, म्हणून त्यांनी तलंगीला फरशीवर चालवून पाहिले. या वयात मरेक्स या विषाणूजन्य रोगाने मज्जातंतू बाधित होऊन पाय लुळे पडतात आणि कधी कधी अन्नपिशवीही लुळी पडते. तसे असते तर शस्त्रक्रिया करूनही उपयोग झाला नसता. मानमोडीतही (राणीखेत रोगातही) पिशवीत आंबट द्रव साठतो, म्हणून लसीकरणाची माहिती विचारण्यात आली. पिशवीच्या भिंतीत राहणाऱ्या कृमींसाठी शीट तपासण्यात आली. हे सगळे नकारार्थी निघाल्यावर चौकशी आमच्या खुराड्याकडे वळली.

तेथे दोन गोष्टी उघड झाल्या. खुराड्यात अंथरलेला पेंढा लांब होता आणि तलंगीला दळणाची खडी मिळत नव्हती. बाजारात खडी म्हणून बहुधा शिंपल्याचा चुरा विकला जातो, पण शिंपला पोटात विरघळतो. तो अंडी घालणाऱ्या कोंबडीला चुना मिळावा म्हणून असतो, दाणा दळण्यासाठी न विरघळणारी कठीण दगडाची बारीक खडीच लागते. अंड्यावर न आलेल्या तलंगीला शिंपला किंवा अंड्यावरच्या कोंबड्यांचे खाद्य भरपूर दिले, तर त्यातील जादा कॅल्शियम तिच्या मूत्रपिंडांना झेपत नाही. अंड्यावरच्या कोंबड्यांच्या खाद्यात ते साडेतीन ते चार टक्के असते. वाढीच्या वयाच्या खाद्यात ते सुमारे एक टक्का असते. दोन्ही वयांच्या कोंबड्या एकाच खुराड्यात असतील, तर सर्वांना वाढीचे खाद्य द्यावे आणि शिंपला वेगळ्या भांड्यात ठेवावा, म्हणजे गरज असलेली कोंबडी तो आपणहून खाते, हा उपाय साधा आहे आणि बिनखर्चाचा आहे.

उणिवाही सांगायला हव्यात. निस्टॅटिन दवाखान्यात नव्हते, ते माणसांच्या औषधांच्या दुकानांत शोधावे लागले आणि कोंबडीसाठी हवे आहे म्हटल्यावर एकदोन ठिकाणी चिठ्ठी पाहूनही नकार मिळाला. पक्ष्याला रात्री दाखल करून घेण्याची सोय नाही. कुत्री आणि मांजरी ज्या बाकाशेजारी बसवतात, तेथेच कोंबडीची टोपली ठेवावी लागते, आणि भेदरलेल्या पक्ष्यासाठी हे चांगले नाही. घरी घ्यायच्या काळजीच्या सूचना तोंडी दिल्या जातात. त्या मराठीत छापलेल्या कागदावर मिळाल्या तर घरातील प्रत्येक माणसाला उपयोगी पडतील. एकूण खर्च गावठी कोंबडीच्या बाजारभावाच्या कितीतरी पट झाला. ज्याला कोंबडी केवळ हिशेबाने पाळायची आहे त्याला तो परवडणार नाही, हे मी मान्य करतो. पण एका तलंगीत कळलेले कारण संपूर्ण खुराड्याला लागू होते, त्यामुळे खर्चाचा विचार एका पक्ष्यापुरता करणे मला योग्य वाटत नाही.

जिल्हा परिषदेच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कमी खर्चात तपासणी होते आणि तेथे आधी जाणे केव्हाही चांगले, मात्र तेथील कामाचा मोठा भार गायी, म्हशी आणि शेळ्यांचा असतो. १९६२ या क्रमांकावर दूरध्वनी करून जवळच्या पशुवैद्यकीय सेवेची चौकशी करता येते. क्ष-किरण किंवा मोठी शस्त्रक्रिया लागल्यास शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालयाचे रुग्णालय याच जिल्ह्यात आहे, आणि गरज पडली असती तर तेथे पाठवण्याची तयारी आमच्या डॉक्टरांनी सुरुवातीलाच दाखवली होती.

तलंगीचे टाके भरून आले आहेत, पहाटे पिशवी रिकामी लागते आणि वजन पूर्ववत झाले आहे. या किंवा अशा कोणत्याही दवाखान्यात जाणाऱ्याने पक्षी हवेशीर खोक्यात, खाली पेंढ्याऐवजी जुने कापड घालून न्यावा, निघण्यापूर्वी दाणा देऊ नये, त्या सकाळची ताजी शीट आणि मूठभर खाद्य वेगवेगळ्या डब्यांत सोबत घ्यावे, आणि सकाळच्या पहिल्या वेळेत पोहोचावे, म्हणजे नमुना तपासून त्याच दिवशी उपचार सुरू करता येतात.