चार बोल्टसाठी गेलेले ९८,४९४ रुपये

आधीच सांगतो, मी अडाणी नाही. अकाउंट्समध्ये अठरा वर्षं झाली, सोसायटीचा खजिनदार आहे आणि ‘अनोळखी लिंक उघडू नका’ हा मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर टाकणाराही मीच. म्हणून तर हे लिहायला दोन आठवडे लागले.

दोन्ही मुलींसाठी लोखंडी बंक बेड मागवला. १४,४९९ रुपये, फिटिंग फुकट. तीन खोकी आली, फिटिंगवाला काही आला नाही. शनिवारी दुपारी मीच बसलो. खालचा पलंग उभा राहिला. वरची चौकट चढवली, तर पुडीत चोवीसच्या जागी वीसच बोल्ट. एक कोपरा नुसता टेकवलेला, तो बायकोने दोन्ही हातांनी धरलेला, धाकटी शिडीवर चढू बघतेय, आणि मी एका हातात एल-की घेऊन दुसऱ्या हाताने कस्टमर केअरचा नंबर शोधतोय. पहिला दिसला तो लावला. खरा नंबर बिलावर होता. बिल खोक्यात होतं. खोकं मी लाथेने बाल्कनीत सरकवलं होतं.

“सर, ऑर्डर नंबर सांगा.” मी सांगितला. त्याने तोच मला सावकाश वाचून दाखवला, आणि मला वाटलं, वा, याच्याकडे आपली सगळी नोंद आहे! रात्री झोप उडते ती या जागेवर. माझंच मला परत दिलं आणि मी खूश.

मग म्हणाला, बोल्ट घेऊन माणूस उद्या सकाळी येईल, बुकिंगचे फक्त ५ रुपये, व्हॉट्सअॅपवर अॅप पाठवतो. एपीके फाइल. मोबाईल बिचारा विचारत होता: हे अॅप बाहेरचं आहे, टाकू? टाक. एसएमएस वाचू देऊ? दे. अरे, चार बोल्ट पाठवायला तुझे एसएमएस कशाला वाचायला लागतात? पण तिकडून “अहो, हात भरून आले माझे, आटपा ना” चालू होतं. आणि पाच रुपयांसाठी कोण एवढा विचार करतो? त्यांचा सगळा धंदा यावरच चालतो.

कार्डाचा नंबर टाकला, मागचे तीन आकडे टाकले. ५ रुपये गेले. मग ४९,९९०. मग ३८,५००. मग ९,९९९. ओटीपी मी कोणालाही सांगितलेला नाही, कुठे हवी तिथे शपथ घेतो. त्या अॅपनेच ते परस्पर उचलले. मला कळलं ते ईमेल पाहिल्यावर. असं झालं तर पहिलं काम म्हणजे मोबाईलचं नेट बंद करा आणि दुसऱ्या फोनवरून कार्ड ब्लॉक करा. मग लगेच १९३०, म्हणजे सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन. मी आधी मेव्हण्याला फोन केला, त्याच्या ‘काय सांगतोस!’मध्ये अर्धा तास गेला. १९३० वर सांगितल्यावर शेवटचे ९,९९९ तेवढे पुढच्या खात्यात अडकले. बाकीचे तोवर काढलेलेसुद्धा होते.

आता बँक. “ओटीपीशिवाय व्यवहार होतच नाही सर, म्हणजे तुम्हीच दिला असणार.” रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक छापून नेलं होतं. ग्राहकाचा हलगर्जीपणा असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, या ओळीवर मॅडमनी बरोबर बोट ठेवलं. त्याच कागदावर, ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करणं बँकेचं काम, असंही आहे. ती ओळ दाखवली तर म्हणाल्या, अर्ज देऊन जा. पोच मागून घ्या, मागितल्याशिवाय देत नाहीत. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. मी दिवस मोजतोय.

आणि पोलीस! ठाण्यात म्हणाले, सायबरला जा. सायबरला म्हणाले, रक्कम लहान आहे, हद्दीतल्या ठाण्यात जा. लहान? दोन अर्ध्या रजा गेल्या. परत ठाण्यात, साहेब बंदोबस्ताला. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा म्हटलं, १ जुलै २०२४ पासून नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, तक्रार घ्यावी लागते. हवालदाराने वर न बघताच विचारलं, “वकील आहात का?” नाही म्हटलं. “मग बसा.” पावणेदोन तास बसलो. वर ऐकून घेतलं, “शिकलेली माणसं तुम्ही.” ते अडकलेले ९,९९९ सोडवायलाही कोर्टाचा आदेश आणा म्हणे.

बोल्ट कमी निघाले तर त्यातलाच एक नमुना घेऊन हार्डवेअरच्या दुकानात जा. मी नंतर गेलो. आठ एमएमचे चार, वॉशरसकट ४८ रुपये.

पाचव्या दिवशी कंपनीचा खरा फिटिंगवाला उगवला. पलंग उभा होताच, त्याने उगाच दोन बोल्ट आवळले, शिडी हलवून पाहिली आणि मोबाईल काढला. “साहेब, काम झाल्याचा ओटीपी आला असेल, तेवढा सांगा.”

मी बायकोकडे बघितलं. तिने त्याच्यापुढे चहा ठेवला आणि म्हणाली, “ओटीपी नाही मिळणार भाऊ. कागद असेल तर सही करून देते.”