पुढे पाठवावे असे काही : नील डॉट फन या संकेतस्थळाविषयी

इंटरनेटवर काही अफलातून सापडले की ते लगेच कुणाला तरी पाठवावेसे वाटते. पण समोरच्याने तो दुवा उघडावा, उघडल्यावर त्याच्याकडे ईमेल किंवा पासवर्ड मागितला जाऊ नये आणि आपण हे का पाठवले ते त्याला मिनिटभरात कळावे, एवढ्या साध्या अपेक्षासुद्धा बहुतेक दुवे पूर्ण करत नाहीत. नील अगरवाल या अमेरिकी प्रोग्रॅमरने उभे केलेले नील डॉट फन हे संकेतस्थळ या बाबतीत मला सर्वांत विश्वासाचे वाटते. मुखपृष्ठावर चित्रांच्या चौकटी आहेत, प्रत्येक चौकटीमागे एक स्वतंत्र पान आहे आणि ते पान स्वतःपुरते पूर्ण आहे. आधीचे काही पाहिलेले असण्याची गरज पडत नाही आणि खाते उघडावे लागत नाही.

यांतील कोणते पान सर्वांत आधी पाठवावे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. २०१९ मध्ये आलेले ‘द डीप सी’ हे पान म्हणजे समुद्राचा एक उभा छेद आहे. सुरुवातीला निळे पाणी दिसते आणि आपण पान खाली सरकवू लागलो की मीटरमधील खोली वाढत जाते, पाण्याचा रंग गडद होत जातो आणि ज्या खोलीवर जो प्राणी आढळतो तो त्याच ठिकाणी दिसतो. ३३२ मीटरवर स्कूबा डायव्हिंगचा विक्रम येतो. तो अहमद गाब्र यांनी २०१४ मध्ये केला. माणूस स्वतःच्या अंगावर हवेच्या टाक्या बांधून जिथवर गेला ती ही जागा, आणि पानाच्या एकूण लांबीच्या मानाने आपण अजून पृष्ठभागाजवळच असतो, ही जाणीव इथेच पहिल्यांदा होते. हजार मीटरच्या खाली सूर्यप्रकाश पोहोचत नाही, त्यामुळे पडदाही काळा होतो. हवेत श्वास घेणारा क्यूव्हिअर जातीचा चोचदार देवमासा मात्र जवळजवळ तीन हजार मीटरपर्यंत बुडी मारतो, हे तिथे पोहोचल्यावर वाचताना बोट आपोआप थांबते.

या पानाची खरी करामत त्याच्या पुढच्या भागात आहे. चार हजार मीटरनंतर प्राणी विरळ होतात आणि बराच वेळ नुसता काळोख सरकत राहतो. एखाद्या घाईच्या रचनाकाराने ही रिकामी जागा आखडून टाकली असती. येथे ती प्रमाणात, जशीच्या तशी ठेवली आहे, आणि म्हणूनच समुद्रातील सर्वांत खोल ठिकाणाचे, चॅलेंजर डीपचे, सुमारे १०,९०० मीटर हा आकडा पाठ्यपुस्तकात वाचल्यासारखा वाटत नाही. तो बोटाने कापावा लागतो. १९६० मध्ये जाक पिकार आणि डॉन वॉल्श ‘त्रिएस्त’ या पाणबुडीतून या तळापर्यंत गेले होते. खाली उतरायला त्यांना जवळपास पाच तास लागले, वाटेत खिडकीच्या बाहेरच्या काचेला तडा गेला आणि तळाशी ते जेमतेम वीस मिनिटे थांबले. एवढे लांबलचक पान स्वतः सरकवून झाल्यावर या पाच तासांचा अर्थ वेगळाच लागतो.

‘द साइझ ऑफ स्पेस’ हे पान अंतराळवीरापासून निघून दृश्य विश्वापर्यंत जाते. ते देखणे आहे, पण वस्तू एकामागून एक मोठ्या होत जाण्यापलीकडे त्यात फारसे काही घडत नाही.

‘इंटरनेट आर्टिफॅक्ट्स’ या पानावर मी सर्वांत जास्त वेळ घालवला आहे. इंटरनेटवरच्या जुन्या वस्तूंचे हे संग्रहालय आहे आणि त्यातील निवड फार जाणकारीने केलेली आहे. १९७८ मध्ये एका संगणक कंपनीने आर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वरूपावरच्या सुमारे चारशे लोकांना पाठवलेली पहिली जाहिरातवजा ईमेल इथे वाचता येते, आणि १९८२ मध्ये स्कॉट फालमन यांनी विनोदाची खूण म्हणून सुचवलेला, विरामचिन्हांचा आडवा हसरा चेहराही. पण मला सर्वांत प्रिय आहे ते केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेतील कॉफीचे भांडे. इतर मजल्यांवर काम करणारे संशोधक जिने चढून-उतरून कॉफी घ्यायला येत आणि भांडे रिकामे सापडे, म्हणून १९९१ मध्ये त्या भांड्यासमोर एक कॅमेरा बसवण्यात आला. १९९३ मध्ये ते कृष्णधवल, अंधूक चित्र वेबवर आले आणि जगभरातील लोक एका अनोळखी खोलीत कॉफी उरली आहे की संपली, हे पाहू लागले. २००१ मध्ये कॅमेरा बंद करण्यात आला. आज एखादी विक्षिप्त, गोड गोष्ट दिसताच ती मित्रांना पाठवण्याची जी ऊर्मी आपल्याला होते, ती वेब नवीन असतानाच्या लोकांनाही तशीच होत होती, याचा इतका बोलका पुरावा मला दुसरीकडे मिळालेला नाही.

२०२३ मध्ये आलेला ‘द पासवर्ड गेम’ हा खेळ मात्र जपून पाठवावा. पासवर्ड तयार करताना घातल्या जाणाऱ्या अटींवर तो बेतलेला आहे आणि एकूण ३५ नियम एकेक करून समोर येतात. सुरुवात किमान अक्षरसंख्येसारख्या ओळखीच्या अटीने होते, मग सर्व अंकांची बेरीज २५ हवी, पुढे रोमन अंकांचा गुणाकार ३५ हवा, त्यानंतर चंद्राची आजची कला दाखवणारे चिन्ह हवे आणि बुद्धिबळाच्या एका स्थितीतील सर्वोत्तम चालही हवी. नवीन अट पाळताना जुनी मोडते, कारण चालीतला अंकही बेरजेत धरला जातो. मग पासवर्डमध्ये पॉल नावाचे अंडे येते, त्याला आगीपासून वाचवावे लागते, आणि पिल्लू बाहेर आल्यावर सुरवंट खाऊ घालावे लागतात; कमी घातले तरी ते दगावते आणि जास्त घातले तरीही. रचना अत्यंत हुशारीची आहे, पण शेवटच्या काही नियमांत चातुर्यापेक्षा चिकाटीच अधिक लागते, आणि तिथे खेळाचा आनंद ओसरतो असे माझे स्पष्ट मत आहे.

‘इन्फिनिट क्राफ्ट’ २०२४ च्या आरंभी आला आणि खूप गाजला. पाणी, अग्नी, वारा आणि पृथ्वी या चार शब्दांपासून सुरुवात करून दोन शब्द एकमेकांवर ठेवायचे, की तिसरा तयार होतो : पाणी आणि अग्नी मिळून वाफ, पृथ्वी आणि पाणी मिळून वनस्पती. ही उत्तरे भाषेचे एक कृत्रिम बुद्धिमत्तेचे मॉडेल देते, त्यामुळे जोड्यांना अंत नाही, आणि आजवर कुणीही न बनवलेला शब्द मिळाला तर तो पहिला शोध म्हणून नोंदला जातो. पहिला अर्धा तास विलक्षण रंगतो. नंतर मात्र उत्तरे निरर्थक होऊ लागतात आणि कोणत्या जोडीतून काय निघाले यात तर्क सापडेनासा होतो. माणसाने विचारपूर्वक निवडलेल्या ‘द डीप सी’मधील एकेका प्राण्याशेजारी हे अमर्याद उत्पादन मला फिके वाटते.

संकेतस्थळाबद्दल दोन खऱ्या तक्रारी आहेत. सगळा मजकूर इंग्रजीत आहे, त्यामुळे इंग्रजी न वाचणाऱ्या मुलांना किंवा वडीलधाऱ्यांना नुसता दुवा पाठवून भागत नाही, शेजारी बसून सांगावे लागते. समुद्राच्या पानाबाबत तर ही उणीव फारच जाणवते, कारण त्या पानाचा खरा वाचक दहा वर्षांचाच आहे. दुसरे म्हणजे आकड्यांशेजारी त्यांचा आधार दिलेला नाही. शाळेच्या प्रकल्पात ही माहिती वापरायची असेल तर ती दुसरीकडे पडताळून घ्यावी.

पाठवताना मुखपृष्ठाचा दुवा देऊ नये. इतक्या चौकटी एकदम दिसल्या की पाहणारा गोंधळतो आणि पान बंद करतो. समुद्राचे पान थेट पाठवावे आणि सोबत एवढेच लिहावे की तळ लागेपर्यंत सरकवत राहा.