मोठी एक्सएमएल फाइल: सॅक्स की इटरपार्स?

भुसावळच्या भाच्याने विचारलं, मामा, केळीच्या आडतीची टॅलीतून काढलेली २ जीबीची एक्सएमएल (टॅग लावून माहिती साठवणारी फाइल) ४ जीबी रॅमवर पायथनमध्ये कशाने वाचू. बघ, फाइल थोडी थोडी वाचायचे दोन मार्ग, सॅक्स आणि इटरपार्स. मेमरी वाचवायला सॅक्स पक्कं, ते मेमरीत टॅगांचं झाडच (कोणता टॅग कशाच्या आत, ती रचना) बांधत नाही, पण कोणत्या टॅगमध्ये आहोत ते आपणच लक्षात ठेवायचं आणि एकच मजकूर तुकड्यांत येऊ शकतो, 'रावेर'चं 'रा' आणि 'वेर' वेगळं आलं तर जोडायचं कामही आपलंच.

इटरपार्सला कोड कमी, एंड इव्हेंटला, म्हणजे टॅग बंद झाला की, पूर्ण व्हाउचर (एका व्यवहाराची नोंद) हातात, पण वापरून झाल्यावर ते क्लिअर, म्हणजे रिकामं, केलं नाही तर अख्खं झाड मेमरीत साठतं! नुसतं व्हाउचर क्लिअर करूनही भागत नाही, रिकामे नोड (झाडाचे भाग) पॅरेंटला, म्हणजे बाहेरच्या टॅगला, लटकून राहतात, तेही काढ.

नोंदी सुट्या-सुट्या असतील तर इटरपार्स, एकेक नोंदच अवाढव्य किंवा नुसती मोजणी करायची तर सॅक्स. तुझ्या आडतीला इटरपार्सच घे.