लिंबावरचा खैऱ्या: कॉपर फवारायचं की मित्र जिवाणू?

कागदी लिंबाचं पान उन्हाकडे धरा. तपकिरी फोडाभोवती पिवळं वलय दिसलं आणि अंगठ्याला फोड पॉलिश पेपरसारखा खरखरीत लागला, तर तो खैऱ्या. हा झँथोमोनास जिवाणूचा रोग आहे. कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक मारून पैसे वाया घालवू नका.

जुना उपाय म्हणजे १० लिटर पाण्यात ३० ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइड आणि १ ग्रॅम स्ट्रेप्टोसायक्लिन (स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन या प्रतिजैविकांचं मिश्रण). कॉपर पानावर थर धरतं, पावसाच्या तोंडावर तेच जास्त भरवशाचं. पण ते जमिनीत साचतं, आणि अर्जेंटिनात तर कॉपरला न जुमानणारा खैऱ्याही सापडला आहे. स्ट्रेप्टोसायक्लिनच्या आधारावर पुढच्या वर्षांचं नियोजन मी तरी करणार नाही: केंद्राने डिसेंबर २०२१ मध्येच शेतीत या प्रतिजैविकांवर बंदी घालण्याचा मसुदा काढला. माणसाच्या औषधातलं प्रतिजैविक बागेत ओतणं मला पहिल्यापासून खटकतं.

मित्र जिवाणूंमध्ये बॅसिलस आणि सुडोमोनास हे दोन पर्याय. बॅसिलस इटुरिन, सर्फॅक्टिनसारखी द्रव्यं सोडून खैऱ्याच्या जिवाणूला दाबतो, पानावरची जागा आधी अडवतो आणि झाडाची स्वतःची प्रतिकारशक्तीही जागी करतो. त्याचे बीजाणू ऊन आणि साठवण सोसतात, म्हणून दोघांत माझी पसंती बॅसिलसला. सुडोमोनासला बीजाणू नसतात. दुकानात उन्हात पडलेलं जुनं पाकीट घेतलंत तर हाती नुसती पावडर येते. तारीख बघूनच घ्या.

मात्र पडलेला फोड दोन्हींनी बरा होत नाही. मित्र जिवाणू नवतीवर (नव्या कोवळ्या पालवीवर), रोग शिरण्याआधी, संध्याकाळी फवारायचे. जोराच्या पावसात ते धुऊन जातात, प्रयोगशाळेतला गुण बागेत तेवढा दिसत नाही. स्ट्रेप्टोसायक्लिनच्या पंपात तर ते मिसळूच नका, ते औषध त्यांनाही मारतं.

रोपवाटिका किंवा दोन-तीन वर्षांची निरोगी बाग असेल तर बॅसिलसपासून सुरुवात करा. जुन्या बागेत फांद्यांवरच खैऱ्या बसला असेल, तर पावसाळ्याआधी त्या छाटून जाळा, लगेच कॉपर मारा, आणि मित्र जिवाणू नंतर येणाऱ्या नवतीवर घ्या. नागअळी मात्र दोन्हीकडे आवरावी लागते. तिने पोखरलेल्या पानातून खैऱ्या सरळ आत शिरतो.

नवी लागवड करणार असाल तर आधी साई सरबती या कागदी लिंबाच्या जातीची रोपं बघा. ही जात खैऱ्याला बऱ्यापैकी सोसते.